लेबल नसलेलं बटन

आमच्या ह्यांना पेपर वाचून दाखवायला फार आवडतं. माझे डोळे गेल्यापासून रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ते चहाचा कप घेऊन माझ्या समोरच्या खुर्चीत बसायचे आणि मोठ्यानं वाचायचे. शेजारच्या बायका त्यांचं कौतुक करायच्या. मीही करायचे. ते सगळं वाचत नाहीत, मधलंमधलं गाळतात, हे मला कितीतरी वर्षं कळलंच नव्हतं.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. आधी अंधारात दिसेनासं झालं, मग बाजूचं दिसेनासं झालं, मग समोर नळीएवढा एक गोल उरला आणि पस्तिशी ओलांडता ओलांडता तोही गेला. मी तेव्हा लातुरात एका शाळेत मराठी शिकवत होते. आजही शिकवते. धडे पाठ आहेत, वर्गातले आवाज पाठ आहेत. त्याचं रडगाणं मला गायचं नाही. माझा राग डोळ्यांवर नाही. ते कुणी मुद्दाम बसून बिघडवले नव्हते. ज्याच्यावर राग आहे तो बिघाड माणसांनी केलेला आहे, विचार करून, बैठका घेऊन, पगार घेऊन.

माझा फोन बोलतो. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल त्याचं नाव तो सांगतो आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. डोळस माणसाला फोनात चित्रं दिसतात. माझ्या फोनात फक्त नावं आहेत. चित्र कितीही सुंदर काढा, त्याला नाव दिलं नसेल तर माझ्यापुरतं तिथं काहीच नाही, नुसती गुळगुळीत काच आहे.

हे सगळं मला शिकवलं नांदेडच्या माझ्या मैत्रिणीनं. ती जन्मापासून आंधळी. एका सरकारी कार्यालयात नोकरीला आहे. आमची ओळख एका शिबिरात झाली. मी तेव्हा नवी आंधळी होते, भिंतीला धरून चालायचे. तिनं माझा हात भिंतीवरून काढला आणि म्हणाली, "भिंत कुठं जात न्हाई. तू चाल." काठी धरायला तिनं शिकवलं, फोन तिनं शिकवला, आणि ते वाचणारं ॲपही तिनंच सांगितलं.

त्या ॲपचं नाव मी लिहिणार नाही. काम साधं होतं. फोन कागदासमोर धरायचा, एक बटन दाबायचं, की कागदावर जे छापलंय ते वाचून दाखवायचं. मराठीसुद्धा. जोडाक्षरात अडखळायचं, 'मुख्याध्यापक' म्हणताना दर वेळी घसरायचं, पण वाचायचं. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव, साबणाच्या वेष्टनावरचा मजकूर, शाळेतली परिपत्रकं, स्टँडवर उभ्या एसटीची पाटी. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून एकेक डबा, एकेक पुडा त्याच्यासमोर धरला होता. जिऱ्याच्या पुड्यावर काय लिहिलेलं असतं ते कुणाला इतकं गोड लागलं नसेल.

आणि मग मी पेपर धरला. तोच पेपर, जो ह्यांनी सकाळी वाचून संपवला होता. तेव्हा कळलं की आमच्या घरी येणारा पेपर ह्यांच्या वाचण्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. बायकांवरच्या अत्याचाराच्या बातम्या ते गाळत होते. ओळखीच्यांच्या निधनाच्या बातम्या गाळत होते. आणि डोळ्यांवरच्या उपचाराची कुठलीही बातमी आली की पानच उलटत होते.

मी विचारलं तर म्हणाले, "उगं आशा लागंल तुला. म्हणून वाचत न्हाई."

"आशा लावून घ्यायची का नाही ते मी ठरवीन," मी म्हणाले. "तुम्ही नुसतं वाचायचं होतं."

तसा वाईट माणूस नाही. गावातल्या गोलाईच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे, गिऱ्हाइकाला खराब माल सांगूनसवरून देतात. माझ्याबाबतीत मात्र त्यांनी आपल्या मनानं एक चाळणी लावली होती, आणि ती चाळणी त्या ॲपनं काढून टाकली. त्यानंतर मी माझा पेपर मी वाचायला लागले. ते समोर बसून चहा प्यायचे, थोडे रिकामे झाल्यासारखे. मला ते जाणवायचं. पण मी मागं हटले नाही.

तीन वर्षं असं चाललं. मग एके सकाळी ॲप उघडलं तर फोन म्हणाला, "नवं रूप, नवा अनुभव." मी बोट पुढं सरकवलं.

"लेबल नसलेलं बटन."

पुन्हा सरकवलं.

"लेबल नसलेलं बटन."

पानभर तेवढंच. आधी तिथं नावं होती. 'फोटो काढा', 'वाचा', 'थांबवा', 'मागे'. कुणीतरी ती सगळी काढून टाकली होती आणि त्यांच्या जागी नव्या रंगाची, नव्या वळणाची चित्रं बसवली होती. मी अंदाजानं एकावर टिचकी मारली. कुठलीतरी जाहिरात सुरू झाली. दुसऱ्यावर मारली तर वर्गणी भरण्याचं पान उघडलं. त्या पानावरचं 'आता खरेदी करा' हे बटन मात्र नावासकट होतं. घाईत सगळी नावं विसरली म्हणावं, तर हे एकच कसं आठवलं? मला आजही त्याचा संताप येतो.

तिसऱ्या टिचकीला ॲपनं मला पुन्हा लॉगिन करायला सांगितलं. नंबर टाकला. मग म्हणालं, तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा, ज्या ज्या चित्रात बस आहे ती निवडा. आंधळ्यांसाठीचं ॲप आंधळ्या बाईला चित्रातली बस दाखवायला सांगत होतं. शेजारी कानाचं एक चिन्ह असतं हे मला माहीत होतं, ते ऐकून आकडे लिहायचे. ते शोधलं. त्यात परदेशी उच्चारातलं इंग्रजी, मागं गिरणी चालल्यासारखी घरघर. चार वेळा ऐकलं, चार वेळा चुकलं. शेवटी ते म्हणालं की तुमच्याकडून संशयास्पद हालचाल होत आहे, थोड्या वेळानं प्रयत्न करा.

मी शाळेत गेले. त्या दिवशीची परिपत्रकं शिपायाकडून वाचून घेतली.

संध्याकाळी मदतीच्या खिडकीत लिहिलं. उत्तर लगेच आलं, कारण ते माणसाचं नव्हतंच. "खालील चित्रात दाखवलेल्या लाल बाणाप्रमाणे कृती करा," असं त्यानं सांगितलं. मी परत लिहिलं की मला दिसत नाही. त्यानं परत तेच चित्र पाठवलं. मग कुठूनतरी फोन नंबर मिळवला. गाणं वाजत राहिलं, मग एक मुलगा बोलायला आला. आवाजावरून शांत, शिकलेला. मी सगळं नीट सांगितलं. शिक्षिका आहे, सांगता येतं मला.

तो म्हणाला, "मॅडम, नवीन डिझाईन आमच्या ग्राहकांना खूप आवडलं आहे."

"ज्यांना दिसतं त्यांना आवडलं असेल. पण तुमचं ॲप ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आहे ना?"

तो मग म्हणाला, "मॅडम, तुमच्या घरात कुणी दिसणारं आहे का? त्यांना फोन देता का?"

मी फोन ठेवला.  ह्यांनी बाजूच्या खोलीतून ऐकलं होतं. येऊन म्हणाले, "जाऊ दे ना. एवढं काय त्याचं? मी हाय की. वाचून दाखवत जाईन पहिल्यासारखं."

त्यांच्या आवाजात आनंद होता. त्यांना स्वतःला तो कळला नसेल, मला कळला. मी बोलले असते तर फार बोलले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर घेऊन बसले. पाऊस लांबला, कापसाचा भाव, कुठं तरी रस्त्याचं उद्घाटन. मधे त्यांचा आवाज एकदम थांबला आणि पान उलटल्याचा आवाज आला. काय गाळलं असेल ते मला कळलं नाही. तेच तर दुखणं होतं.

मी नांदेडला मैत्रिणीला फोन केला. ती ऐकून घेऊन हसली.

"माझं चालू हाय की," ती म्हणाली. "मी अपडेट करतच न्हाई. ज्या दिवशी फोन घेतला त्या दिवशीच ते बंद करून टाकलं. ह्या लोकांना चांगलं चाललेलं बघवत न्हाई, मला ठावं हाय. तू ये इकडं. माझ्या फोनातलं जुनं तुझ्या फोनात टाकू."

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "रविवारी जाऊ. मी येतो संगं."

"मी एकटी जाते नेहमी."

"नेहमी तुझ्याकडं ते ॲप होतं."

खरं होतं ते. म्हणूनच जास्त लागलं. मी शनिवारी अर्धी शाळा करून एकटी निघाले.

लातूरच्या स्टँडवर अडचण आली नाही, तिथले आवाज माझ्या ओळखीचे आहेत. गाडी अहमदपूरला पोचली आणि बंद पडली. कंडक्टर म्हणाला, मागून गाडी येतीय, ह्याच तिकिटावर बसा. सगळे उतरले. एरवी मी काय केलं असतं? गाडी लागली की फोन पाटीसमोर धरला असता, 'नांदेड' ऐकलं असतं आणि चढले असते. कुणाला काही विचारायची गरज नाही. त्या दिवशी विचारावं लागलं. गाडी लागल्याचा आवाज आला, गलका झाला, मी म्हणाले, "ही नांदेडची आहे का?" कुणीतरी माझा दंड धरला. "हाव हाव मावशी, चला," म्हणत मला अक्षरशः उचलून पायरीवर चढवलं, जागेवर बसवलं आणि निघून गेलं. चांगुलपणानंच केलं असणार. पण माझा प्रश्न त्यानं ऐकलाच नव्हता. एक आंधळी बाई गाडीजवळ उभी आहे, तिला चढवायचं, एवढंच त्याला दिसलं.

गाडी गावाबाहेर पडल्यावर कंडक्टर आला. मी तिकीट दाखवलं.

"बाई, हे तर नांदेडचं हाय. ही गाडी उदगीरला चालली."

मागं दोघंतिघं हळहळले. कंडक्टरनं घंटी ओढली. गाडी थांबेपर्यंत त्यानं विचारलं, "तुमच्या संगं कुणी न्हाई का?"

तोच प्रश्न. कंपनीतल्या शिकलेल्या पोरानं विचारला होता तो, आणि ह्या बिचाऱ्या कंडक्टरनं विचारला तो. दोघांच्याही मनात मी एकटी असणं हीच चूक होती.

त्यांनी मला रस्त्याच्या कडेला एका हॉटेलाजवळ उतरवलं. पाऊस लांबलेला, ऊन वैशाखासारखं. हॉटेलवाल्यानं बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि उलट्या दिशेची काळी-पिवळी थांबवून दिली. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाचीतरी भाजीची पिशवी होती आणि मी मनातल्या मनात त्या ॲपवाल्यांना शिव्या देत होते, शिक्षिकेनं देऊ नयेत अशा. कुठल्यातरी थंड खोलीत कुणीतरी ठरवलं होतं की बटनांवरची अक्षरं काढली की पान मोकळं दिसतं. त्यांचं पान मोकळं झालं आणि मी अहमदपूरबाहेर रस्त्यावर उभी राहिले. ह्या दोन गोष्टींमधली दोरी त्यांना कधीच दिसणार नाही.

स्टँडवर परत आले, ह्या वेळी थेट कंट्रोलरच्या खिडकीशी गेले आणि नांदेडच्या कंडक्टरचा आवाज ऐकल्याशिवाय चढले नाही. लोहा गाव मागं पडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. नांदेडच्या स्टँडवर मैत्रीण वाट बघत उभी होती. तिची काठी मला लांबूनच ओळखू येते, ती फरशीवर दोनदा आपटते.

"लई उशीर केलास. जेवलीस का?"

मी सगळं सांगितलं.

"घाबरलीस?"

"नाही. चिडले."

"मग ठीक हाय," ती म्हणाली. "घाबरली असतीस तर मी काळजी केली असती."

तिच्या घरी आम्ही जमिनीवर चटई टाकून बसलो. दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. माझा एकीकडून बोलतोय, तिचा दुसरीकडून, दोघांचं एकमेकांत मिसळून काहीच कळेना. शेवटी तिनं माझा कानाला लावून बसायला सांगितलं आणि आपला मांडीखाली दाबला. नवं काढून टाकलं, जुनं टाकलं. उघडलं. बोट ठेवलं.

"फोटो काढा. बटन."

मला हुंदकाच फुटला. मैत्रीण म्हणाली, "रडायला काय झालं? बिस्किटाचा पुडा वाच." मी वाचला. मैदा, साखर, वनस्पती तेल. आम्ही दोघी हसलो. पण हसतानासुद्धा मला वाटत होतं की हे काय जगणं आहे. दोन शिकल्यासवरल्या, कमावत्या बायका, आणि काल जे आपलं होतं ते परत मिळवायला एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात चोरासारखं न्यायचं.

लातूरला परत आल्यावर काही दिवस बरे गेले. मी पुन्हा माझा पेपर वाचू लागले. अहमदपूरचं ह्यांना सांगितलं नव्हतं. मग एक दिवस जुनं ॲप उघडलं आणि त्यानं वाचून दाखवलं, "ही आवृत्ती आता समर्थित नाही. कृपया अद्ययावत करा." खाली एकच बटन. त्याच्याशिवाय पुढं जाता येईना. मैत्रिणीला फोन केला तर तीही त्याच पानावर अडकलेली. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज मला थकलेला वाटला. "बघ," ती म्हणाली, "कुलूप आपल्या घराचं आणि किल्ली त्यांच्याकडं."

त्या संध्याकाळी जेवताना मी ह्यांना अहमदपूरचं सांगून टाकलं. त्यांच्या हातातला घास ताटात पडल्याचा आवाज आला.

"म्हणून म्हणतो एकटी जाऊ नको. ऐकतीस का तू कुणाचं? काय झालं असतं म्हणजे?"

"मला तुमचा राग माझ्यावर नकोय," मी म्हणाले. "तो जिथं पाहिजे तिथं लावा."

"मला काय कळतंय त्यातलं. मी म्हणतो मी वाचून दाखवतो, तर तुला ते बी चालत न्हाई."

पुढच्या रविवारी दुपारी दुकान बंद होतं. अपडेट करावंच लागलं होतं, नवं ॲप परत फोनात आलं होतं. मी माझा फोन त्यांच्या हातात दिला. पडदा काळा करायची सोय असते, ती लावली. फोन चालू, पण दिसणार काही नाही. समोर त्या दिवसाचा पेपर ठेवला.

"हा पेपर मला वाचून दाखवा," मी म्हणाले. "पण माझ्या पद्धतीनं. ॲप उघडा, फोटो काढा, वाचायला लावा."

ते हसले. "एवढंच ना," म्हणाले.

मी पलंगावर बसून ऐकत होते. लेबल नसलेलं बटन. लेबल नसलेलं बटन. त्यांनी टिचकी मारली, जाहिरात सुरू झाली. ती बंद कशी करायची ते सापडेना, कारण बंद करायचं बटनही बिननावाचं. ती पूर्ण वाजू दिली. मग वर्गणीचं पान. मग पुन्हा पहिल्यापासून. मधे त्यांनी फोन तिरका करून काही दिसतंय का ते बघितलं, ते मला त्यांच्या खुर्चीच्या करकरण्यावरून कळलं.  पुन्हा बोट फिरवायला लागले. चुकून कुणालातरी फोन लागला, तो तोडताना त्यांची धांदल उडाली. श्वास मोठा होत गेला. बसच्या चित्रांपाशी आल्यावर ते थांबले. इंग्रजी आकड्यांची घरघर सुरू झाली, एकदा, पुन्हा एकदा. मग त्यांनी फोन टेबलावर आपटला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी वस्तू आपटलेली मी ऐकली नव्हती.

मी उठून तो फोन चाचपून उचलला.

"हे असं हाय व्हय," ते शेवटी म्हणाले. "आणि तू रोज हे करायलीस?"

"रोज."

ते उठले, स्वतःचा फोन घेतला, माझ्याकडून नंबर घेतला आणि लावला. गाणं वाजलं. ह्या वेळी एक बाई बोलायला आली. ह्यांनी सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा वाईट सांगितलं, मधेच तोडून, मागचं पुढं करून. तिनं विचारलं, "सर, तुम्ही मॅडमना मदत करू शकता ना?"

"मी हार्डवेअर विकतो," हे म्हणाले. आवाज चढलेला. "दुकानात शेकड्यानं डबे हायत. एकेका डब्यावर चिठ्ठी हाय, आत कोणता खिळा, कोणता नट. उद्या मी सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि गिऱ्हाइकाला म्हणालो, दुकान कसं छान दिसायलंय, तर गिऱ्हाईक काय म्हणंल मला? तुम्ही तेच केलंय. माझ्या बायकोला मदत नकोय. बटनाला नाव पाहिजे."

तिनं सांगितलं की तुमची तक्रार नोंदवली आहे. फोन बंद झाला आणि लगेच मेसेज आला. माझ्या सवयीनं मी त्यांना म्हणाले, वाचा. त्यांनी वाचलं, "आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे." त्यांनी तो आणखी एकदा वाचला, जणू पहिल्यांदा चुकीचं वाचलं असावं.

त्यानंतर ते अधूनमधून त्या नंबरावर फोन करू लागले. दुकानातून, गिऱ्हाईक नसताना. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून. दर वेळी 'सोडवली'चा मेसेज. मी म्हणायचे, सोडा आता. ते म्हणायचे, "सोडवली म्हणतात ना, मग दाखवा म्हणावं." पेपरही वाचायचे. पण आता गाळत नव्हते. उलट मोठ्या आवाजात, चिडल्यासारखं, निधनवार्ता, निविदा सूचना, कोर्टाच्या जाहीर नोटिसा, सगळं. एकदा डोळ्यांवरच्या उपचाराची बातमी आली. त्यांचा आवाज अडखळला, पण शेवटपर्यंत वाचली. त्यात आशा लावण्यासारखं काही नव्हतं. आम्ही दोघांनी ते ठरवलं आणि पुढच्या पानावर गेलो.

पावसाळा संपता संपता नवं अपडेट आलं. मैत्रिणीचाच फोन आला. "नावं टाकलीत," ती म्हणाली, "पण आधी बसून घे." मी उघडलं. बसची चित्रं गेली होती, बटनांना नावं होती. बंद करायच्या बटनाचं नाव होतं 'जवळ'. मागं जायच्या बटनाचं नाव 'पाठ'. कॅमेऱ्याचा दिवा लावायचं बटन, 'हलका'. कुणीतरी 'क्लोज', 'बॅक', 'लाइट' हे इंग्रजी शब्द यंत्रात टाकले होते आणि यंत्रानं जे दिलं ते तसंच चिकटवलं होतं. मराठी येणाऱ्या एका माणसाला, कुठल्याही एका माणसाला, वाचून दाखवलं असतं तर तो हसून पडला असता. एवढंही त्यांनी केलं नव्हतं. कोट्यवधी लोकांची भाषा, आणि तिच्यासाठी कुणाची अर्ध्या तासाची उसंत नाही.

मैत्रीण फोनवर हसत होती. "जवळ दाबलं की लांब जातंय," म्हणाली. मला हसू आलं नाही. मी मराठी शिकवते. चाळीसातल्या एखाद्या मुलानं वहीत 'जवळ' आणि 'बंद' एक केलं तर वही वाचून दाखवणाऱ्याला मी तिथं लाल शाईची रेघ मारायला लावते.

तरी मी ते वापरते. 'पाठ' म्हणजे मागं, 'हलका' म्हणजे दिवा, 'जवळ' म्हणजे बंद, हे मी पाठ केलं, जसं सगळंच पाठ करत आले. नांदेडला पुन्हा एकटी जाते. ह्यांनी आता संगं येतो म्हणणं सोडलं आहे, फक्त पोचल्यावर फोन कर म्हणतात.

मागच्या आठवड्यात त्या कंपनीकडून फोन आला. एक मुलगी. म्हणाली, आमच्या सेवेबद्दल तुमचा अभिप्राय हवा आहे, एक ते पाचमध्ये किती गुण द्याल? मी शाळेत, शिक्षकांच्या खोलीत होते. मधली सुट्टी होती. मी तिला सगळं सांगितलं. बटनं, बसची चित्रं, अहमदपूर, 'सोडवली'चे मेसेज, 'जवळ' आणि 'पाठ'. ती मधे बोलली नाही. मला वाटलं, ऐकतेय. मी थांबल्यावर तिनं हळूच विचारलं, "मॅडम, मी इथं फक्त आकडा लिहू शकते. किती लिहू?"

"शून्य लिहा."

"शून्य नाहीये मॅडम. एकपासून सुरू होतं."

तिच्या आवाजात खरोखर संकोच होता. तिचा काही दोष नव्हता, हेही मला कळत होतं. तिच्यासमोरही कुणीतरी पाचच बटनं ठेवली होती. मी म्हणाले, "मग काहीच लिहू नका," आणि फोन ठेवला. घंटा झाली. नववीचा तास होता. त्या तासाला मी मुलांवर कारण नसताना ओरडले, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, बाईंना आज काय झालंय. मी ऐकलं. पुस्तक मिटलं आणि काय झालंय ते मी त्यांना सांगायला सुरुवात केली.